चार चाकांचा प्लॉट

माझं वजन त्रेपन्न किलो आठशे ग्रॅम आहे, ही गोष्ट एके काळी बुलढाण्यातल्या एका अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. याचं श्रेय माझ्या घरमालकांना. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायला नवीनच लागले होते आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा घरमालक विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. गाव कुठलं, लग्न झालंय का, पाहुणे किती येतील, काही नाही. अंगणात कापूस मोजायचा काटा ठेवलेला होता. त्याकडे बोट करून ते म्हणाले, "मॅडम, चपला काढा अन् यावर उभ्या राहा."

मी राहिले. गाव नवं, नोकरी नवी, माणूस सांगेल तिथं उभं राहतं. त्यांनी आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि घरात ओरडून सांगितलं, "ऐकलं का वं! भाडेकरू भेटल्या! मागच्या डाव्या सीटले एकदम बरोबर हायेत!"

आतून काकूंचा आवाज आला, "आधी चहा तरी पाजा त्याईले. मंग मोजा."

हा सगळा खटाटोप एका जीपसाठी होता. काका शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गावोगाव प्रात्यक्षिकाचे प्लॉट टाकले. चार ओळी या वाणाच्या, चार त्या वाणाच्या आणि मधल्या चार जुन्या बियाण्याच्या, तुलनेसाठी. त्या तीस वर्षांत खात्याच्या जीपमध्ये ते कायम मागं बसले, कारण पुढची सीट साहेबांची. पुढं ती जीपही म्हातारी झाली आणि लिलावात निघाली, तेव्हा काकांनी ती घेतली. स्टिअरिंग हातात आलं, त्याचा आनंद एवढा मोठा की पहिल्याच प्रवासाला शेजारच्या सीटवर देवाची तसबीर आणि नारळ ठेवला आणि बायकोला मागं बसवलं. राजूर घाटात एक खड्डा आला. तसबिरीला काही झालं नाही. काकूंचं डोकं छताच्या दांड्याला लागलं आणि कंबर बाकावर अशी आपटली की पुढं तीन महिने त्या पाठीवर पडून होत्या.

उठल्या त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता या जीपमधी मले चौघाईनं उचलून टाकलं तरच. माह्या पायानं मी चढत नाही."

डॉक्टरांनीही सांगितलं होतं की धक्के चालणार नाहीत. एकदा एसटीनं जाऊन बघितलं, तर मोताळ्यालाच उतरून परत यावं लागलं. जायचं कुठं होतं, तर माहेरी. संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी काकूंचं माहेर. तिथं त्यांची म्हातारी आई. तिला एवढ्या लांबचा प्रवास झेपत नव्हता आणि हिला धक्के झेपत नव्हते. मी खोली घेतली तेव्हा मायलेकींची गाठ पडून चार वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून काकू ओरडून बोलायच्या आणि स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून आजीही ओरडून बोलायच्या, त्यामुळं दोन्हीकडचं बोलणं मला माझ्या खोलीत ऐकू यायचं. सगळं विचारून झालं की आजींचा शेवटचा प्रश्न ठरलेला.

"गाडी दुरुस्त झाली काय वं?"

"होऊन राह्यली, माय!"

बाजूला काका मान खाली घालून जीपच्या सांध्यातला रबराचा एखादा बुश चाचपत बसलेले असायचे. पोटातलं पाणी हलणार नाही अशी जीप करून दाखवीन, असा शब्द त्यांनी दिला होता. चार वर्षं त्याचंच काम चाललं होतं.

आता जीपचे धक्के कमी करायचे म्हणजे काय, तर चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे, धक्के शोषणारे शॉकअप बदलायचे, बुश बदलायचे. दुसरा कुणीही मिस्त्रीकडं गाडी लावून, चांगलं असेल ते टाका म्हणाला असता आणि संध्याकाळी घरी आला असता. पण काका प्लॉटवाले. चांगलं कुठलं, हे मिस्त्रीनं का सांगावं? त्यांनी जीपच्या चार चाकांचे चार प्लॉट पाडले. पुढं-डाव्या चाकाला खात्याच्या वेळचे जुने पाटे तसेच ठेवले, तुलनेसाठी. पुढं-उजव्याला दिल्लीचे नवे. मागं-डाव्याला जालन्याच्या भंगारातून आणलेले एका जुन्या रुग्णवाहिकेचे. "त्यात पेशंट झोपून जाते, म्हंजे पाटे मऊच असतील," हा त्यामागचा विचार. आणि मागं-उजव्याला दोन पाटे कमी करून अकोल्याहून आणलेला गॅसचा शॉकअप.

चार पाय चार घरचे. जीप उभी असली की डावीकडं कलायची. चालायला लागली की लंगडायची. उजव्या वळणावर ती वाकून नमस्कार करायची आणि डाव्या वळणावर ताठ राहायची. गल्लीतले लोक तिला लंगडी म्हणायचे. काकांना त्याचं काही नव्हतं. "प्लॉट टाकला का लोक हासतेच, मॅडम," ते म्हणायचे. "मळणीले येते मंग इचारत."

चार चाकं एकसारखी केल्याशिवाय जीप कधी नीट चालणारच नाही, हे त्यांना सांगायचा प्रयत्न मी पहिल्याच महिन्यात केला. गणिताच्या बाईनं सांगितलं तर पटेल असं मला वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण चारी चाकं सारखी केली, तर तुलना कशाशी करू?" मी त्यानंतर गणित शाळेपुरतंच ठेवलं.

मला शाळेत सोडायचं निमित्त करून ते आधी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चक्कर मारून यायचे. मागं-डावीकडं मी. मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. दांडा धरायचा नाही, बोलायचं नाही, पाणी आपणहून सांडायचं नाही. उतरताना पेल्यात किती उरलं ते मोजून ते एका जाड वहीत लिहायचे. तारीख, कोपरा, परीक्षकाचं नाव, वजन, उरलेलं पाणी, शेरा आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष. निष्कर्षाचा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता. मी विचारलं तर म्हणायचे, "एका हंगामावरून काही ठरवू नये." मी सकाळच्या पहिल्या तासाला रोज साडीची उजवी बाजू ओली घेऊन उभी राहायचे. मुलांनी त्याचं काय काय केलं असेल, ते मी इथं लिहीत नाही.

जीपमध्ये फुकट बसायला मिळतं म्हणून सुरुवातीला पुष्कळ लोक यायचे. पेला हातात आला की त्यांना चालत जाण्याचे फायदे आठवायचे.

वहीच्या पहिल्या पानावर परीक्षकांची यादी होती. त्यात पहिलं नाव काकूंचं, पुढं "अंतिम परीक्षक" असं लिहिलेलं. वजनाचा रकाना रिकामा, कारण काकू काट्यावर उभ्या राहायला तयार नव्हत्या. शेऱ्याचा रकानाही रिकामा, कारण त्या जीपमध्ये बसायला तयार नव्हत्या.

बुशांचीही परीक्षा झाली. तीन कंपन्यांचे तीन बुश त्यांनी शेतात बांधाच्या कडेला पुरले, पावसाळाभर ओल खाऊन कोणता तडकतो ते बघायला. दिवाळीनंतर खणायला गेले तर जागा सापडेना. दोन सापडले. तिसरा अजून तिथंच आहे, उगवला नाही एवढंच.

त्यांचं शेत गावाबाहेर चार एकर. बीटी कपाशी नवी नवी आली होती तो काळ. बियाण्याच्या पाकिटांसाठी लोक पहाटेपासून दुकानापुढं उभे राहायचे. खरं कोणतं, नकली कोणतं, याची चर्चा लग्नातसुद्धा चालायची. प्रत्येक पाकिटाबरोबर एक छोटं पाकीट यायचं, साध्या बियाण्याचं. कडेच्या ओळींत ते पेरा, असं त्यावर लिहिलेलं असायचं. लोक ते छोटं पाकीट बांधावर फेकून द्यायचे. आमच्या भागात ते वाचून, मोजून, दोरी लावून पेरणारा एकच माणूस होता. त्यांच्या घरात कापसाचे ढीगही दोन, बीटीचा वेगळा आणि साध्याचा वेगळा, मधे विटांची एक ओळ. माझ्या खोलीला लागूनच ती खोली होती. भाव पडलेला म्हणून त्या वर्षी कापूस सगळ्यांच्याच घरात पडून होता. रात्रंदिवस माझं अंग खाजायचं. तक्रार केली तर काका म्हणाले, "कोणत्या ढिगानं जास्त खाजते, ते ध्यानात ठेवा."

पाट्यांचं काम चिखली रोडवरच्या एका मिस्त्रीकडं चालायचं. साठीचे मुसलमान गृहस्थ, हात कोळशासारखे आणि दाढी पांढरीशुभ्र. बीटीनं कापूस वाढला, तशी लोकांनी गाड्यांत दुप्पट भर घालायला सुरुवात केली आणि मिस्त्रीकडं पाटे वाढवून घ्यायला रांग लागली. सहाचे आठ, आठाचे दहा. त्या रांगेत काका एकटेच पाटे कमी करून मागायचे.

"साहेब," मिस्त्री म्हणायचे, "सारा जिल्हा पाटे वाढवाले येऊन राह्यला, अन् तुम्ही काढाले येता. तबियत तं बरी हाय ना?"

"मले माल नाही न्यायचा. माणूस न्यायचं हाय."

"मंग तं अजूक सोपं हाय. गाडीले वजन द्या. रिकामी गाडी अन् रिकामा माणूस, दोघंबी उड्या मारते. वजन पडलं का गाडी चुप."

काकांना हे पटत नसे. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला ते पुरावा मानत नसत. मिस्त्रींचं म्हणणं त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं, पण "ऐकीव" या मथळ्याखाली.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, तुमचा प्रयोग चालू दे. तोवर एखादी चांगली गाडी भाड्यानं करून काकूंना भेटवून आणू की."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काका रुसले हे समजू शकते, पण काकूही रुसल्या. "घरात जीप असून भाड्याच्या गाडीनं माहेरी जाऊ? माहेरचे काय म्हनतीन, जीप काय शोभेले ठेवली?" वर तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "त्याईनं सबद देल्ला हाय, पोरी. चार वर्सं खालीवर करून राह्यले ते त्या गाडीले. मी दुसरीत बसली तं त्याईले काय वाटंन?" हे मात्र काकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. जीपला शिव्या मोठ्यानं आणि ही गोष्ट हळू, अशी त्या घरची रीत होती. मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि थोडा हेवाही वाटला.

मग तो रविवार आला. फोन वाजला, काकूंनी उचलला आणि ओरडल्या नाहीत. पलीकडं आजी नव्हत्याच, काकूंचा भाऊ होता. आजींनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. डॉक्टर बघून गेले होते. सारखं लेकीचं नाव घेत होत्या. काकूंनी फोन ठेवला, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "जीप काढा. कशीबी असो. मी चढते."

काका उठले. बाहेर जाऊन लंगडीकडं बघत उभे राहिले. मी त्यांच्यामागं गेले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. चार वर्षांत त्यांनी चार कोपऱ्यांची हजारभर मोजमापं केली होती आणि त्यातल्या एकाही कोपऱ्यात बायकोला बसवायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "हंगाम पुरा व्हाचा हाय अजून."

"काका," मी म्हटलं, "आजी हंगाम बघून थांबणार नाहीत."

मी इतकं तोडून बोलायला नको होतं. पण ते ऐकून त्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही थेट मिस्त्रीकडं गेलो. काका खाली उतरून म्हणाले, "चारी चाकं सारखी करून द्या." मिस्त्रींनी हातातला हातोडा खाली ठेवला. हे वाक्य ऐकायची त्यांनी आशा सोडली होती.

पण कापसाचे दिवस. दुकानात मऊ पाटा एकही नव्हता. होते ते दहा-दहा पाट्यांचे संच, मालट्रकसारखे कडक. काकांनी त्यावर हात फिरवला. "रिकाम्या जीपले हे बसवले तं घरापासून चौकापर्यंत बायको मरून जाईन," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "वजन देल्लं तं? किती लागंन?"

"चार क्विंटल पडू द्या, साहेब. मंग पाहा."

दुपारी बाराला जीप घरी आली, चारी पायांवर सरळ उभी. ती सरळ उभी बघून गल्लीतली दोन माणसं घराबाहेर आली. काका कापसाच्या खोलीत गेले. मागची बाकं काढून मी पोती भरायला बसले. बीटीचा ढीग संपत आला तरी जीपची एक बाजू रिकामीच होती. मी विटांच्या ओळीपाशी थांबले. त्या ओळीपलीकडचा कापूस काकांनी तीन महिने मुलासारखा जपला होता. त्याचा उतारा, त्याचा धागा, त्याचं वजन सगळं अजून मोजायचं होतं. माझ्याकडं न बघता त्यांनी पायानं विटा बाजूला सारल्या आणि दोन्ही हातांनी साधा कापूस बीटीत लोटायला सुरुवात केली. कवळच्या कवळ. मी पोत्याचं तोंड उघडून धरलं.

काकू बाहेर आल्या. जीपमध्ये छताच्या हातभर खालपर्यंत पोती आणि वर मोकळा कापूस पसरलेला. स्टूल लावलं. त्या आपल्या पायानं चढल्या, मधोमध आडव्या झाल्या आणि अर्ध्याअधिक कापसात बुडाल्या. नाकातली चमकी तेवढी दिसत होती.

"पोरी, तू पुढं बस," आतून आवाज आला. "त्या सीटवर नारळ ठेवू देऊ नको."

घाट उतरलो. त्या खड्ड्यापाशी काकांनी गाडी चालण्याच्या वेगावर आणली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. जीप खाली गेली, वर आली. मागून काही आवाज नाही. नांदुरा गेलं, पूर्णेचा पूल गेला, काळ्या मातीवरचा तो लाटांसारखा रस्ताही गेला. काका दर दहा मिनिटांनी विचारायचे, "बरी हायेस ना?" पहिल्यांदा "हाव" आलं, दुसऱ्यांदा "हाव न" आलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. काकांचा रंग उडाला. गाडी बाजूला घेऊन आम्ही धावत मागं गेलो. काकू घोरत होत्या.

ऊन उतरायच्या वेळेला आम्ही पोचलो. आजी ओसरीवर बाजेवर पडलेल्या. काकू तशाच आत गेल्या, केसांत, पदरात, भुवयांत सगळीकडं कापूस. बाजेवर बसल्या. आजींनी डोळे उघडले, लेकीकडं नीट बघितलं आणि हात उचलून तिच्या केसांतला कापसाचा एक एक पुंजका वेचायला लागल्या. मग आजी म्हणाल्या, "झाली काय वं गाडी दुरुस्त?"

"झाली, माय," काकू म्हणाल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना ओरडावं लागलं नाही.

काका कुठं दिसेनात. ते जीपखाली उताणे पडले होते. मी वाकून बघितलं तर म्हणाले, "बुश पाहून राह्यलो." त्यांचे डोळे लाल होते. मी म्हटलं, बघा.

आजींनी त्या संध्याकाळी वाटीभर भाताची पेज घेतली. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोलल्या, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी काकूंनी मला विचारलं, "त्याईची वही आणली का वं तू?" मी आणली होती. ते विसरले होते, मी नाही. काकूंनी आपल्या नावापुढं, चार वर्षं कोऱ्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माय भेटली."

काकांनी ते वाचलं. पाण्याचा उल्लेख नाही, कोपऱ्याचा नाही, धक्क्यांचा तर नाहीच. माझा असा शेरा त्यांनी परत लिहायला लावला असता. एकाच हंगामावरून, एकाच फेरीवरून, पेला न मोजता त्यांनी निष्कर्षाच्या रकान्यात "सिद्ध" असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग पान उलटून नव्या पानावर "परतीचा प्रवास" असा मथळा घातला. कापूस त्या दिवशी सकाळीच जवळच्या जिनिंग कारखान्यात उतरवला होता. जीप रिकामी होती आणि रिकामी गाडी उड्या मारते हे मिस्त्रींचं म्हणणं आता "ऐकीव" राहिलं नव्हतं. ते पेन्सिल कानावर ठेवून अंगणात बघत राहिले. तिथं आजी उन्हात बसून लेकीकडून वेणी घालून घेत होत्या.

काका माझ्याकडं सरकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ज्वारीचे चार पोते होतीन. पण पोत्याइवर कोणी बसलं तं गाडी अजूक चुप राहीन." त्यांनी सासूबाईंकडं पुन्हा एकदा बघितलं. "अंदाजानं सांगा बरं, त्याईचं वजन किती असंन?"